बेशुद्धांची सिस्टर

आजारापुढे सगळी माणसं सारखी असतात. हे वाक्य त्या रुग्णालयाच्या दारातच संगमरवरावर कोरलेलं होतं, आणि इतकं खोल कोरलं होतं की सफाईच्या बाईंना काडीला कापूस गुंडाळून एकेका अक्षरातली धूळ उकरून काढावी लागे. सारखं असण्याची ही सवलत फक्त आजाऱ्यांसाठी होती. सिस्टर्स धडधाकट असल्यामुळे त्यांना ती लागू होत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एक सिस्टर होती, तिला सगळे पाहुणी म्हणत. ती परदेशातून आली तेव्हा मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्या आपल्या पाहुण्या. सांभाळून घ्या बरं." त्यानंतर पाहुणीला इथेच मुलगी झाली, ती मुलगी शाळेत जाऊन आईचे उच्चार सुधारायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही. पाहुण्यानं वर्षानुवर्षं मुक्काम करावा, यजमानांची अंथरुणं बदलावी, त्यांची ढुंगणं पुसावी आणि तरी त्याला कुणी घरचं म्हणू नये, असा पाहुणचार जगात दुसरीकडे कुठे असेल तर त्याची अजून बातमी आलेली नाही.

पाहुणी डोक्याला रुमाल बांधायची. तिच्या धर्माची माणसं त्या शहरात मोजकीच होती आणि त्यांच्याबद्दलची मतं मुबलक होती.

वॉर्डाचे दोन भाग होते, मध्ये काचेचं दार. दाराच्या आत बेशुद्ध रुग्ण, बाहेर शुद्धीवर आलेले. फार पूर्वी बाहेरच्या बाजूला एका रुग्णानं पाहुणीच्या रुमालाकडे बघून हात आखडून घेतला होता आणि म्हणाला होता, "दुसरी कुणी नाही का?" मेट्रनबाई धावत आल्या. त्या माणसाला कुणी काही म्हटलं नाही. मेट्रनबाईंनी पाहुणीला बाजूला घेतलं आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्याच भल्यासाठी सांगते, तुम्ही आत काम करा. आत कुणाला काही इच्छा नसते."

तेव्हापासून ही रीत पडली. पाहुणी आणि तिच्यासारख्या बाहेरून आलेल्या दोघीतिघी आत. धर्म, देश, रंग असले शब्द कुणी उच्चारले नाहीत. त्या रुग्णालयात तशी सभ्यता होती. शब्द होते ते 'सोय', 'रुग्णाची इच्छा' आणि 'गैरसमज नको' असे.

आतलं काम म्हणजे देह सांभाळायचा. ठरल्या वेळी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. घशातला कफ ओढून काढायचा, ओठ ओले करायचे, पापण्या मिटत नसतील तर डोळ्यांत मलम घालायचं. आणि बोलायचं. नर्सिंगच्या शाळेत पाहुणीला शिकवलं होतं की माणूस बेशुद्ध झाला तरी कान उघडे असू शकतात, म्हणून हात लावण्याआधी सांगावं. तशी ती सांगायची, "साहेब, कूस बदलते हं," "काकू, जरा गार लागेल हं." पण पाळीभर नुसतं गार आणि गरम किती सांगणार? मग विषय वाढत जायचे. भाजीवाला, मुलीची परीक्षा, सासूबाईंचा गुडघा. समोरचा कंटाळून उठून जाण्याची भीती नव्हती. उठला असता तर हवाच होता.

कारण रीतीचा दुसरा भाग असा होता की रुग्णाची पापणी हलली, की पाहुणीनं ताबडतोब बाहेर कळवायचं आणि बाजूला व्हायचं. मग केस विंचरून साखरबाई आत यायची. ही वॉर्डातली स्थानिक सिस्टर, पाहुणीच्या नंतर कितीतरी वर्षांनी लागलेली. कानामागून आली अन् गोड झाली. मुलगी वाईट नव्हती. फक्त नशीब असं की माणसं मरणाच्या दारातून परत यायची आणि त्यांना पहिला चेहरा दिसायचा तो हिचा. नातेवाईक हिचेच हात धरून रडायचे. घरी जाताना हिचंच नाव सांगायचे. दर्शनी भिंतीवर 'महिन्याची सिस्टर' म्हणून एक फ्रेम होती. तीत साखरबाईचा फोटो इतक्यांदा लागला होता की अलीकडे तो काढायचे कष्ट कुणी घेत नसे, खालचा महिना तेवढा बदलत.

पाहुणी खाली आली की फ्रेमकडे न बघता जायची. एवढं न बघायला बरंच लक्ष द्यावं लागतं.

तर अशात वॉर्डाच्या इन्चार्ज बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या दुखण्याखुपण्यात गेली काही वर्षं सगळा वॉर्ड पाहुणीच चालवत होती. पाळ्या लावायच्या, औषधं मागवायची, नव्या मुलींना शिकवायचं, हे सगळं 'तात्पुरतं' म्हणून. आता ते पद तिला हवं होतं. तिचं कंत्राट दरवर्षी नव्यानं व्हायचं, आणि दरवर्षी त्या सुमाराला तिला विनाकारण सगळ्यांशी हसून बोलावं लागायचं. इन्चार्जचं पद कायमचं होतं. ते मिळालं की हसणं ऐच्छिक होणार होतं.

मुलाखतीला प्रशासक साहेब होते, मेट्रनबाई होत्या, आणि कर्मचारी विभागाचे एक गृहस्थ होते ज्यांनी शेवटपर्यंत पेनचं टोपण काढलं आणि लावलं.

"तुमचं काम उत्तम आहे, त्यात वादच नाही," प्रशासक म्हणाले.

हे वाक्य ऐकलं की माणसानं सावध व्हावं. ज्यांना द्यायचं असतं ते कामाबद्दल वाद घालत बसत नाहीत.

"आणि एक आधीच सांगतो. तुमच्या डोक्यावरच्या रुमालाबद्दल आम्ही काहीही विचारणार नाही. ती तुमची खाजगी बाब आहे."

"बरं साहेब."

"अजिबात विचारणार नाही. इन्चार्ज म्हणजे वॉर्डाचा चेहरा, हे खरं. पण रुमालाचा विषय आम्ही काढणारच नाही." हा न काढायचा विषय चहा येईपर्यंत चालला. मग ते म्हणाले, "अडचण वेगळीच आहे. इतक्या वर्षांत एकाही रुग्णानं तुमचं नाव घेतलेलं नाही."

"साहेब, माझे रुग्ण बेशुद्ध असतात."

"सगळेच?"

"शुद्धीवर आले की माझ्याकडून काढून घेतात."

प्रशासकांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "रुग्णांच्या इच्छेचा मान राखून केलेली व्यवस्था आहे, सर."

"अच्छा," प्रशासकांचा चेहरा उजळला. "म्हणजे रुग्णांशी तुमचं नातं जुळत नाही, हे तुम्हालाही मान्य आहे तर."

 पाहुणीच्या समोर टेबलावर पाण्याचा जग होता. तो उचलून तिघांपैकी कुणाच्या डोक्यावर ओतावा याचा तिनं मनातल्या मनात निर्णय घेतला आणि हात मांडीवरच ठेवला.

"हे बघा, मी तुमच्या बाजूचा आहे," प्रशासक आवाज खाली आणून म्हणाले. "निर्णय महिनाअखेर आहे. तोवर एक रुग्ण, अहो एक जरी रुग्ण म्हणाला ना, की ह्या बाईंनी माझं चांगलं केलं, तर मला समितीपुढे काही बोलता येईल."

पेनाचं टोपण लागलं. मुलाखत संपली.

घरी सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे जे बोलू शकतात त्यांना तू नको, आणि ज्यांना तू चालतेस त्यांना बोलता येत नाही. बाई गं, तुझ्या नवऱ्यासारखंच की हे. त्यालाही झोपेतच तुझं सगळं पटतं."

नवरा जेवता जेवता म्हणाला, "मला कशाला मध्ये घेता?"

"आई, मी आता ऐकून घेणार नाही कुणाचं. पुढचा रुग्ण डोळे उघडेल तेव्हा मी तिथंच उभी राहणार."

"राहा. पण हात दाखवून अवलक्षण होईल, सांगून ठेवते," सासूबाई म्हणाल्या. "ज्यांना डोळे मिटून बरं वाटतं ना, त्यांचे डोळे आपण उघडायला गेलं की ते आपल्याच डोळ्यांत बोट घालतात."

पुढचा रुग्ण म्हणजे जज्जसाहेब. शहरातले निवृत्त न्यायाधीश, अंगानं भारी, भुवया त्याहून भारी. स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा अर्धवट शुद्धीत होते. पाहुणीनं नाडी बघायला हात धरला तर त्यांनी डोळे किलकिले करून तिचा रुमाल पाहिला आणि म्हणाले, "मी भेदभाव मानत नाही. पण ही नको."

त्यांची लेक ओशाळून म्हणाली, "बाबांचं वय झालंय हो. मनाला लावून घेऊ नका." या देशातली माणसं वय झाल्यावर नेमकी एकाच विषयात म्हातारी होतात, हे पाहुणीनं पूर्वीही पाहिलं होतं.

मग त्यांची शुद्ध पुरती हरपली आणि अर्थातच ते पाहुणीच्या वाट्याला आले.

तिनं त्यांचं सगळं केलं. रागानं केलं, पण नीट केलं. "जज्जसाहेब, कूस बदलते हं. डावीकडे. नको असलं तरी वळा, अपील नाही यावर," असं म्हणून दोघी मिळून त्यांना वळवायच्या. दुसरी म्हणजे बेटवाली, कुठल्याशा लांबच्या बेटावरून आलेली, पाहुणीची मैत्रीण. ती म्हणायची, "अगं, ऐकत असेल ना हा!" पाहुणी म्हणायची, "ऐकू दे. आयुष्यभर लोकांचं ऐकायचा पगार घेतलाय." आणि ओठ ओले करता करता त्यांना घरचं सांगत बसायची. सासूबाईंचा गुडघा, सासूबाईंनी डॉक्टरला काय सुनावलं, गुडघ्यावर तेल चालतं की नाही. जज्जसाहेब शांतपणे पडून असायचे. हरकत घेत नसत.

एका सकाळी त्यांची पापणी हलली. पाहुणीनं ठरवलं होतं उभं राहायचं. पण नेमकी त्याच वेळी ती शेजारच्या पलंगावर घशातून नळी काढत होती, तिथून हात काढता येत नव्हता. नव्या आलेल्या मुलीनं रीतीप्रमाणे बाहेर कळवलं. साखरबाई आली, पलंग काचेच्या दारातून बाहेर गेला. संपलं.

संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत साखरबाई घाबरीघुबरी होऊन आली. "अगं, माझ्या जज्जसाहेबांच्या डोक्याला काहीतरी झालंय! मला विचारतात, सासूबाईंचा गुडघा कसा आहे? माझं लग्न तरी झालंय का?"

बेटवालीला चहाचा ठसका लागला. पाहुणीनं कप खाली ठेवला.

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणे, त्या बाई कुठायत? दिवसरात्र माझ्याशी बोलायच्या. त्यांच्या आवाजाला धरून मी परत आलो. म्हणे, वरपर्यंत सांगणार आहे मी, अशी सिस्टर पाहिली नाही म्हणून. आणि अगं, तेल चोळू नका म्हणावं, सुजेल, असंही म्हणाले!"

"ती मी," पाहुणी म्हणाली.

साखरबाईनं तिच्याकडे बघितलं. मग आपल्या नखांकडे बघितलं. "हो का," ती म्हणाली. "पण मेट्रनबाईंनी तर डॉक्टरांना बोलावलंय. भ्रम झालाय म्हणतात."

आता याला काय म्हणावं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका रुग्णानं पाहुणीची आठवण काढली होती, आणि तो अजून शुद्धीवर आलेला नाही याचा तोच पुरावा धरला गेला होता.

पाहुणी काचेच्या दारातून बाहेर गेली. रीतीप्रमाणे तिनं तिथल्या पलंगांजवळ जायचं नव्हतं. पलंगाभोवती मेट्रनबाई, लेक आणि तरुण डॉक्टर उभे होते. डॉक्टर तपासणी करत होता.

"आज वार कोणता, सर?"

जज्जसाहेबांनी बरोबर सांगितला.

"तुम्ही कोण?"

"निवृत्त न्यायाधीश. तुम्ही कोण?"

"इथं तुमची काळजी कोण घेत होतं?"

"जिच्या सासूचा गुडघा दुखतो ती."

डॉक्टरनं मान हलवली. "डोक्याचं स्कॅन करून घेऊ."

"स्कॅनची गरज नाही डॉक्टर," पाहुणी म्हणाली. "त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. सासू माझी आहे."

मेट्रनबाई वळल्या. "सिस्टर, तुमची बाजू आतली."

"हे आत होते तोवर माझेच होते. त्यांचा कफ मी काढलाय, पाठ मी पुसलीय. एक वाक्य बोलून जाते."

"आत्ताच्या आत्ता जा. त्यांची इच्छा काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"नाही माहीत. विचारून बघा ना! इतकी वर्षं इच्छा इच्छा करताय, एकदा जागेपणी विचारा तरी." तिचा आवाज चढला होता. पलीकडच्या पलंगांवरच्या माना वळल्या.

जज्जसाहेब टक लावून बघत होते. आधी रुमालाकडे, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा रुमालाकडे. पाहुणी पलंगाजवळ गेली. तिनं हात लावला नाही. फक्त रोजच्यासारखं म्हणाली, "जज्जसाहेब, कूस बदलते हं. डावीकडे."

आणि जज्जसाहेबांचा खांदा आपसूक डावीकडे वळला. गुडघा वाकला, हात छातीवर आला, सगळं शिकवल्यासारखं. सगळ्यांनी पाहिलं. लेकीनं तोंडावर हात ठेवला. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं, कारण ते तसेच अर्धवट कुशीवर थांबले आणि त्यांचे कान लाल झाले.

मेट्रनबाईंनी विचारलं, "साहेब, ह्याच होत्या का त्या?"

या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना शपथ घालून खरं बोलायला लावलं होतं. त्यानं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग सरळ होऊन, गळ्यापर्यंत चादर ओढून तो म्हणाला, "नाही. ह्या नव्हेत. त्या आपल्यातल्या होत्या."

"आणि सासूबाईंचा गुडघा?" डॉक्टरनं विचारलं.

"गुंगी असेल. स्वप्न पडलं असेल."

डॉक्टर खूश झाला. स्कॅन रद्द करून त्यानं जाहीर केलं की रुग्ण आता पूर्ण शुद्धीवर आहे.

पाहुणीला वाटलं होतं आपल्याला रडू येईल. रडू आलं नाही, संताप आला, आणि तो आतून बाहेर येईपर्यंत चांगला गार झाला होता. "साहेब," ती म्हणाली, "तुमचं अंग तुमच्यापेक्षा खरं बोलतं. तुम्ही मला ओळखलंत, आणि हे इथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलंय. मला एवढंच सांगा, अशा तोंडानं निकाल देऊन किती जणांना आत टाकलंत?"

"सिस्टर!" मेट्रनबाई ओरडल्या.

"आणि तुम्ही," ती मेट्रनबाईंकडे वळली, "मला पाहुणी म्हणू नका यापुढे. पाहुण्याला कुणी एवढं राबवत नाही. नोकर म्हणा, निदान खरं तरी होईल."

कोपऱ्यातून साखरबाई हळूच म्हणाली, "मला खरंच सासू नाही हो." तिच्या परीनं ती साक्षच होती. पण ती इतक्या खालच्या आवाजात होती की नोंद घेण्याची कुणावर सक्ती नव्हती.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा गुडघा कोर्टात गेला आणि खोटा ठरला म्हण की." आणि थोड्या वेळानं, "तो मेला तेलाचं मात्र बरोबर म्हणाला. सुजलाय."

जज्जसाहेब चालत घरी गेले. जाताना त्यांनी साखरबाईचं नाव सांगितलं. रुग्णालयानंही झाल्या प्रकाराची गंभीर दखल घेतली. मेट्रनबाईंनी वॉर्डात दोन नव्या सूचना दिल्या. एक, यापुढे सिस्टर बदलायची ती रुग्ण शुद्धीवर यायच्या आधीच बदलावी. दोन, बेशुद्ध रुग्णांशी घरगुती विषयांवर बोलू नये. पहिली सूचना पाळण्यासाठी रुग्ण केव्हा शुद्धीवर येणार हे आधी कसं ओळखायचं, असं बेटवालीनं विचारलं, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, "अनुभवानं." अनुभव होता तो एकट्या पाहुणीला. तेव्हा तेही काम तिच्याकडेच आलं.

महिनाअखेर उलटली, कुणी काही बोलेना. पाहुणी प्रशासकांच्या खोलीत गेली. बसा म्हणायची वाट न बघता बसली. म्हणाली, "नाही असेल तर नाही म्हणा. पण तोंडानं म्हणा. मला ऐकायचंय."

प्रशासक गोंधळले. त्यांनी कर्मचारी विभागाला फोन लावला. पेनवाल्या गृहस्थांनी पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगितलं. प्रशासक हं हं करत राहिले. मग फोन ठेवून म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

वॉर्ड इन्चार्जचं पद मुलाखतींच्या आदल्या आठवड्यातच रद्द झालं होतं.